तगरचं कापड, जपानची गाठ आणि निळीचा माठ



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'निळीचा इतिहास' असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात मावणार नाही. म्हणून मी एका खोलीपासून सुरुवात करते आणि शेवटी पुन्हा त्याच खोलीत येते.

आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात, तेरपासून फार लांब नाही, शाळेच्या सुट्टीत दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता जपानी 'शिबोरी', म्हणजे कापड बांधून, शिवून, दाबून निळीत रंगवण्याची पद्धत. शिकायला वीस-बावीस जणी आल्या होत्या. निम्म्या कॉलेजच्या मुली, निम्म्या बचत गटातल्या बायका. शिकवणारी मुलगी पुण्याहून आलेली, आपल्या कामात तरबेज. मी इतिहासाची शिक्षिका, मला फक्त अर्धा तास 'पार्श्वभूमी' सांगायला बोलावलेलं. पण मी दोन्ही दिवस बसले.

शिकवणारीने पहिला प्रकार सांगितला, 'नुई शिबोरी'. कापडावर पेन्सिलीने रेघ मारायची, त्या रेघेवरून सुईने वरखाली टाके घालत जायचं, मग दोरा ओढून कापडाच्या चुण्या घट्ट गोळा करायच्या आणि गाठ मारायची. चुण्यांच्या आत रंग पोचत नाही, तिथे पांढरं राहतं. मुली वहीत लिहून घेत होत्या, 'नुई'ची नुक्ती का नुवी यावर कुजबुज चालली होती. मागच्या रांगेत साठीच्या पुढच्या एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हा तर धावदोरा. वाकळंला घालतो त्यो."

खोली हसली. शिकवणारीही हसली आणि म्हणाली, "हो मावशी, अगदी तोच." पुढच्या दहा मिनिटांत मावशींच्या हातातलं कापड चुण्यांनी भरलं होतं आणि वहीत लिहिणाऱ्या मुली अजून सुईत दोरा ओवत होत्या.

मला आज जे सांगायचं आहे, ते या एका वाक्याभोवतीच आहे. त्या खोलीत नवशिक्या कोण होतं? आणि जे आपल्या हातात आहे, ते आपल्याला परक्या नावाने पुन्हा का शिकावं लागतं?

तर आता दोन हजार वर्षं मागे जाऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. पुस्तकाला आपण 'पेरिप्लस' म्हणतो. हा माणूस कवी नव्हता. कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, कुठे खडक आहेत, एवढंच तो सांगतो. भडोचबद्दल लिहिताना तो म्हणतो की दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथला माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला येतो. पैठणहून अकीक येतो. तगरहून काय येतं? भरपूर साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि 'मोलोखिना' नावाचं कापड.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बरेच वाद झाले. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर, हे पटेल अशा रीतीने मांडलं. पुढे उत्खननं झाली. रोमन धाटणीच्या वस्तू, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाई सापडली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेला ठेवा आज तिथल्या संग्रहालयात आहे. ती हस्तिदंती बाई पाहिली नसेल तर जरूर पाहा. इटलीत पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत होते, तरी स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते. म्हणजे नाव किती मोठं होतं ते बघा.

आता त्या 'मोलोखिना'कडे येऊ. युरोपात भेंडीच्या कुळातलं 'मॅलो' नावाचं एक झुडूप आहे, जांभळट फुलाचं. ग्रीक शब्दाचा त्याच्याशी संबंध आहे. काही अभ्यासक म्हणतात, हा कापडाचा रंग. काही म्हणतात, ही कापडाचीच एक जात. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. कारण शिबिरात मी हे सांगितल्याबरोबर एक मुलगी उठून म्हणाली, "म्हणजे मॅडम, शिबोरी आपल्या तेरमध्येच निघाली ना?"

तिचा चेहरा इतका खुलला होता की 'हो' म्हणावंसं वाटलं. पण तसं म्हणता येत नाही. पेरिप्लसच्या त्या ओळीत कापड आहे, नीळ नाही, गाठ नाही. त्याच पुस्तकात 'हिंदी काळा' नावाचा माल आहे. बरेच अभ्यासक त्याला नीळ मानतात. पण तो सिंधूच्या मुखावरच्या बंदरातून निघतो, तगरहून नाही. तगरचं नाव घेऊन निळीवर हक्क सांगणं हे इतिहासाचं काम नव्हे. इतिहासात ज्या ओळीत जेवढं आहे, तेवढंच घ्यायचं असतं.

पण जेवढं आहे तेही थोडं नाही. साधं कापड म्हणजे आपल्या भाषेत मांजरपाट समजा, आणि मलमल, दोन्ही इथे इतकं निघत होतं की दूरच्या व्यापाऱ्याने त्याची नोंद केली. आणि राखून रंगवण्याची कला, म्हणजे कापडाचा काही भाग रंगापासून वाचवायचा आणि बाकीचा बुडवायचा, ती हिंदुस्थानात जुनीच आहे. तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात असे राखून निळे रंगवलेले हिंदी सुती तुकडे मिळाले आहेत, चौथ्या-पाचव्या शतकातले. अजिंठ्याच्या चित्रांत ठिपक्यांची, पट्ट्यांची वस्त्रं दिसतात, त्यांत बांधणीची नक्षी अभ्यासकांना ओळखू येते. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'तही बांधून रंगवलेल्या कापडाचा उल्लेख आहे.

निळीच्या नावाचाही प्रवास बघा. ग्रीकांनी तिला 'इंडिकॉन' म्हटलं, म्हणजे नुसतंच 'हिंदुस्थानातलं'. त्यावरून 'इंडिगो'. आणि आपला संस्कृत 'नील' अरबांकडे गेला, तिथून पोर्तुगीजांकडे 'अनिल' होऊन गेला, आणि एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी निळीपासून मिळालेल्या एका पदार्थाला त्यावरून 'ॲनिलिन' म्हटलं. जुन्या मराठीत निळीला 'गुळी' असाही शब्द होता. तो आज आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? हात वर करा. ... दोन. चला, दोन तरी आहेत.

आता जपान. 'शिबोरू' या जपानी क्रियापदाचा अर्थ पिळणे. ओलं कापड पिळतो ते पिळणे. म्हणजे शिबोरीला मराठीत सरळ 'पीळ' म्हणायला हरकत नाही. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन नावाच्या कोठारात आठव्या शतकातलं कापड आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात बांधून रंगवलेलं आहे, मेण लावून रंगवलेलं आहे आणि फळ्यांत दाबून रंगवलेलंही आहे. तेव्हा त्यांचीही परंपरा लहान नाही.

पण आज जगभर जी शिबोरी शिकवतात, तिचं एक मोठं घर म्हणजे नागोयाजवळचं आरिमात्सु हे गाव. त्याची गोष्ट मला फार आवडते. १६०८ साली एदो ते क्योतो या हमरस्त्यावर ते वसवलं गेलं. डोंगराळ जागा, शेती यथातथाच. तिथे येऊन राहिलेल्यांत ताकेदा शोकुरो नावाचा माणूस होता. सांगतात ते असं, की नागोयाचा किल्ला बांधायला दक्षिणेकडून, क्युशू बेटावरच्या बुंगो प्रांतातून मजूर आले होते, त्यांच्याजवळ बांधून रंगवलेलं कापड होतं. ते पाहून शोकुरोने सुती पंचे बांधून निळीत रंगवायला सुरुवात केली आणि रस्त्यावरच्या वाटसरूंना विकले. पंचे खपले, गाव उभं राहिलं. पुढे १८८० साली तिथल्याच सुझुकी कानेझो यांनी लांब वाशाला कापड गुंडाळून, दोरा आवळून, कापड खाली दाबत रंगवण्याची रीत काढली. तिला 'आराशी' म्हणतात, म्हणजे वादळ. पावसाच्या तिरप्या सरींसारखी नक्षी येते.

म्हणजे काय? ज्याला आपण अस्सल जपानी म्हणतो, तिच्या प्रसिद्ध गावानेसुद्धा ती परमुलखातल्या मजुरांकडून उचलली, असं ते गाव स्वतःच सांगतं. आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आता निळीच्या माठाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

हळद पाण्यात घातली की पाणी पिवळं होतं, कापड बुडवलं की कापड पिवळं. नीळ तशी नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही. गुळीच्या पानांपासून काढलेली नीळ पाण्यात टाकली तर तळाशी बसते. तिला विरघळवायचं तर तिच्यातला निळेपणा आधी घालवावा लागतो. त्यासाठी पाणी चुन्यासारख्या क्षाराने तिखट करायचं आणि प्राणवायू काढून घेणारं काहीतरी त्यात घालायचं. गूळ, खजूर, कोंडा, असं काहीही आंबणारं. दक्षिणेत टाकळ्याचं बी उकडून घालत. पावसाळ्यात ज्याची भाजी खातो तो टाकळा, कुणी तरोटा म्हणतात. दोन-चार दिवसांत माठातलं पाणी पिवळट हिरवं होतं, वर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते, मधोमध निळा फेस जमतो. जपानी लोक त्या फेसाला निळीचं 'फूल' म्हणतात. कापड त्यात बुडवून बाहेर काढलं की आधी हिरवं दिसतं, मग वारा लागतो तसतसं डोळ्यांदेखत निळं होत जातं. पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलायचं विसरतो. मी विसरले होते.

पण हा माठ नाजूक असतो. ताक घुसळल्यासारखं ढवळलंत तर हवा शिरते आणि माठ 'मरतो'. थंडी पडली तर झोपतो. चुना कमी झाला तर नासतो. वास, रंग, सायीची चमक यांवरून त्याची तब्येत ओळखायची. हे पुस्तकात लिहिता येत नाही असं नाही, पण हाताखाली राहून शिकणं सोपं जातं. आणि म्हणून जगात सगळीकडे हे ज्ञान घराण्यात राहिलं.

आपल्याकडे ते एका जातीत राहिलं. १८८४ साली निघालेली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांची गॅझेटियरं उघडा. हे दोन्ही जिल्हे आपले सख्खे शेजारी, परांडा-भूमची वेस त्यांना लागलेली. त्यात 'निराळी' नावाची एक जमात वेगळी नोंदवली आहे, काम निळीत कापड आणि सूत रंगवणं. 'निळारी'चंच ते रूप. तांबडं-पिवळं रंगवणारे रंगारी वेगळे, निळं रंगवणारे वेगळे. कारण माठ सांभाळणं हे स्वतंत्र शास्त्र होतं.

आणि या शास्त्राला समाजात मान होता का? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, ब्राह्मणाने अडचणीतही जे विकू नये त्या यादीत मद्य आणि लाखेबरोबर नीळ आहे. पंचतंत्रातला निळा कोल्हा आपण सगळ्यांनी लहानपणी वाचला. कुत्री मागे लागली म्हणून तो रंगाऱ्याच्या घरातल्या निळीच्या भांड्यात पडतो आणि बाहेर येऊन राजा होतो. गोष्टीचं तात्पर्य कोल्ह्याबद्दल आहे. पण मला नेहमी त्या रंगाऱ्याची आठवण येते. गोष्टीत तो नुसता भांड्यापुरता आहे. त्याचं भांडं नासलं त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. आणि तोच हा रंग आज चौदा एप्रिलला आपल्या गावागावांत रस्ताभर असतो. ज्या रंगाचा व्यापार धर्मशास्त्राने निषिद्ध ठरवला, तो रंग लोकांनी स्वाभिमानाने खांद्यावर घेतला. निळीच्या इतिहासातलं हे पान महाराष्ट्राने लिहिलं आहे, हेही लक्षात ठेवा.

मग माठ बंद का पडले? बंगालच्या निळीची गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात. १८५९-६० चं शेतकऱ्यांचं बंड, 'नीलदर्पण' नाटक, आणि १९१७ साली गांधीजींचं चंपारण. तिथे वीस कट्ठ्यांतल्या तीन कट्ठ्यांवर नीळ लावायची सक्ती होती, म्हणून 'तीनकठिया'. ती शेतकऱ्याची बाजू झाली. रंगाऱ्याची बाजू वेगळी आहे. १८८३ साली आडोल्फ फॉन बायर यांनी निळीची रासायनिक रचना उलगडली आणि १८९७ साली जर्मनीतल्या बी.ए.एस.एफ. कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त आणि दर वेळी सारखी. त्याच काळात गिरणीचं रंगीत कापड गावोगाव पोचलं. गिऱ्हाइकाला निळं लुगडं हवं होतं, ते दुकानात मिळायला लागलं. माठाची तब्येत ओळखणाऱ्या माणसाची गरज उरली नाही.

घराण्यात राहिलेल्या ज्ञानाचं असं होतं. घर उठलं की ते उठतं. जातीबाहेर कुणाला शिकवलेलं नव्हतं, आणि जातीबाहेरच्या कुणाला शिकायचंही नव्हतं. काम हलकं मानलेलं. कुलूप दोन्ही बाजूंनी होतं. आज 'नीळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धोतराला घालायची दुकानातली नीळ येते. शिबिरात एक मुलगी खरोखर तीच बाटली घेऊन आली होती. बिचारीचा दोष नाही, शब्द तोच आहे. पण कपडे पांढरे दिसावेत म्हणून पाण्यात टाकतात ती नीळ पाने कुजवून केलेली नसते, आणि ती कापडाला धरतही नाही, दोन धुण्यांत निघून जाते. शब्द राहिला, वस्तू बदलली.

आता तुम्ही म्हणाल, जपानमध्ये कारखान्यातली नीळ पोचली नाही का? पोचली. त्याआधी आपल्याच हिंदुस्थानातली नीळ तिथे आयात व्हायला लागली आणि तोकुशिमा भागातले त्यांचे निळीचे शेतकरी अडचणीत आले. त्यांची नीळ वेगळ्या झाडाची. पानं महिनोन्‌महिने खतासारखी कुजवून करतात, तिला 'सुकुमो' म्हणतात. ते क्षेत्रही घटत घटत मूठभर राहिलं. आरिमात्सुतही बांधणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, मुली दुसऱ्या कामांना गेल्या. म्हणजे पडझड तिकडेही झाली.

फरक इथे पडला की त्यांनी वेळेवर दोन गोष्टी केल्या. सरकारने १९७५ साली आरिमात्सु-नारुमीच्या शिबोरीला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. आणि जाणकारांनी प्रत्येक प्रकाराचं नाव, कृती, हत्यार लिहून परक्यांना शिकवायला सुरुवात केली. १९८३ साली योशिको वादा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शिबोरीवर इंग्रजीत मोठं पुस्तक काढलं. त्यानंतर अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात लोक 'नुई', 'इताजिमे', 'कुमो' हे शब्द बोलायला लागले. इताजिमे म्हणजे घडी घालून फळ्यांमध्ये आवळणं. कुमो म्हणजे कोळी, जाळ्यासारखी नक्षी. हेच शब्द फिरत फिरत पुण्याला आले आणि पुण्याहून आपल्या शाळेच्या खोलीत. कच्छ-जामनगरच्या बांधणीचं नाव जगभर गेलंच आहे. पण आपल्या निराळ्यांच्या माठाशेजारी वही घेऊन बसणारं कुणी नव्हतं.

तर आता परत खोलीत येऊ. दुसऱ्या दिवशी माठ लावायचा होता. माठ म्हणजे झाकणाची प्लास्टिकची बादली. हल्ली शिबिरांत एक-दोन-तीनचा हिशेब चालतो. एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना, तीन भाग फळसाखर. मिशेल गार्सिया या फ्रेंच जाणकाराने ही रीत जगभर नेली. आम्ही फळसाखरेऐवजी गूळ घेतला, कारण गूळ इथे घरोघरी. वीस लिटर पाण्याला शंभर ग्रॅम नीळ. गुळाला वेळ जास्त लागतो आणि तो हिशेबापेक्षा थोडा जास्तच घालावा लागतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पाणी गरम घ्यायचं, नीळ आधी थोड्या पाण्यात वाटून घ्यायची, चुन्याला हातमोजे घालायचे, सगळं सांगून झालं.

आणि मग चहा आला. आम्ही चहाला गेलो तेवढ्यात दोन उत्साही मुलींनी झाकण काढून दांड्याने बादली चांगली पाच मिनिटं घुसळली. 'सगळं एकजीव व्हावं म्हणून.' पहिलं कापड बाहेर आलं ते राखाडी. धुतलं तर तेही गेलं. मुली रडकुंडीला आल्या. शिकवणारीचाही चेहरा उतरला. दुपारी चारची एसटी होती तिची.

तेव्हा त्या मागच्या रांगेतल्या मावशी उठल्या. त्यांना निळीचं काही माहीत नव्हतं, हे मी स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही मनात गोष्ट रचाल. पण दही विरजलं नाही तर काय करतात ते त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ऊब द्या आन् गप ऱ्हावा." बादली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवली, मूठभर गूळ, चिमूट चुना टाकला, हलक्या हाताने एकदा कडेने फिरवलं, झाकण लावलं, वर गोधडी घातली. शिकवणारीने मान हलवली, कारण शास्त्रही तेच सांगतं. दीड-दोन तासांनी झाकण उघडलं तेव्हा पाणी पिवळट हिरवं झालं होतं आणि वर ती तांब्याची साय.

मग काय, ओळच लागली. कुणी हरभरे बांधून ठिपके काढले, कुणी पानाच्या विड्यासारखी त्रिकोणी घडी घालून दोन पट्ट्यांत आवळली. मावशींचा धावदोरा सुटला तेव्हा त्यातून पांढऱ्या टिंबांची सरळ रेघ निघाली, वाकळेवर असते तशीच. एसटी चुकली. पुढची सहाला होती.

तेर हे गोरोबाकाकांचंही गाव. तुम्हा सगळ्यांना ती कथा ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबांना विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव रागावले, आणि गोरोबा म्हणाले, हे कच्चं. कथेत आपण इथेच थांबतो. पण पुढे काय झालं? नामदेव विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. कच्चं ठरलेलं मडकं फेकून दिलं नाही, भट्टीत घातलं. नवशिक्याला शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं?

आणि निळीच्या बाबतीत आज आपण सगळेच कच्ची मडकी आहोत, हे मान्य करायला हवं. दोन मोह टाळायचे. 'हे सगळं आमच्याकडे आधीच होतं' हा पहिला. होतं ते आपण घालवलं, आणि ज्यांनी सांभाळलं त्यांना मान दिला नाही, हे त्या वाक्यात लपून राहतं. दुसरा मोह उलटा. 'हे जपानी आहे, म्हणून भारी आहे.' मग धावदोऱ्याला नुई म्हटल्याशिवाय त्याची किंमत येत नाही.

मला वाटतं, शिबिरं व्हायला हवीत, आणि जपानी शब्दही राहू द्यावेत, ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव घ्यायलाच हवं. पण प्रत्येक शब्दाशेजारी आपला शब्द लिहावा. शिबोरीशेजारी पीळ, नुईशेजारी धावदोरा, इताजिमेशेजारी घडी. ज्या घरांचं आडनाव निराळी किंवा निळारी आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, माठाबद्दल काही आठवतं का, आणि जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावं. आणि शिकवताना जात, गाव, वय काही न बघता येईल त्याला शिकवावं. कारण कुलपात ठेवलेलं काय होतं ते आपण पाहिलं.

आपल्या दुष्काळी जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. निळीचा माठ रोज ओतून द्यायचा नसतो. गूळ-चुना घालत राहिलं, थोडी नीळ वाढवत राहिलं तर तेच पाणी महिनोन्‌महिने चालतं. रंगवलेलं कापड धुवायला पाणी लागतं, पण माठ स्वतः पाणी खात नाही. बचत गटाने हा विचार जरूर करावा. पहिल्या दहा रुमालांना गिऱ्हाईक मिळेल की नाही, याची हमी मी देत नाही. आरिमात्सुचं गाव वाटसरूंच्या पंच्यांवर उभं राहिलं, कारण त्यांच्या दारावरून हमरस्ता जात होता. आपल्या दारावरून तुळजापूरची वाट जाते. वर्षाला किती माणूस जातं तिथून, तुम्हीच बघा.

दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आपल्या गावाबद्दल एक ओळ लिहिली, म्हणून तगरचं कापड आपल्याला कळलं. ज्यांनी ते विणलं आणि धुतलं, त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं आपल्या हाती काही नाही. पुढच्या वेळी ती ओळ आपण लिहावी, एवढंच माझं मागणं आहे.

त्या मावशींनी आपला रुमाल घरी नेला. मला म्हणाल्या, "बाई, नातीला दावते. तिला म्हणते, हे मी कालच शिकले."

 काही प्रश्न असतील तर विचारा.